काच आणखी उंच नको, तिला झरोका द्या

इंदूरहून पुण्याला, बंगळूरहून कोल्हापूरला किंवा हैदराबादहून नागपूरला बाईकने जाणाऱ्यांसाठी आजचा विषय आहे. छातीवरचा वारा अडावा म्हणून आपण उंच विंडशील्ड लावतो. छाती शांत होते, पण हेल्मेट थडथडायला लागतं. दोन तासांत मान आखडते. मग आपण आणखी उंच काच घेतो आणि अनेकदा थडथड वाढतेच. असं का होतं?

धुळीच्या रस्त्यावर एसटीच्या मागे धूळ कशी गाडीकडेच ओढली जाते, ते आठवा. तिथे हवेचा दाब कमी झालेला असतो. तुमच्या काचेमागेही तेच होतं. पुढे दाब वाढतो, मागे कमी होतो. वरच्या कडेवरून सुटलेली हवा त्या पोकळीकडे वळते, तिचे भोवरे होतात आणि ते हेल्मेटवर आपटतात. पाठीमागून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं, तेही यामुळेच. शिवाय हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात, की तो दीडपटीहून जास्त होतो.

उपाय सोपा आहे. काचेच्या खालच्या भागातून थोडी हवा आत सोडायची. मागची पोकळी भरते, दाबातला फरक कमी होतो आणि वरचा प्रवाह शांतपणे डोक्यावरून जातो. होंडाच्या गोल्ड विंगच्या काचेत उघडझाप करणारा व्हेंट आलेला आहे. हार्ले-डेव्हिडसनने २०१४च्या टूरिंग मॉडेल्सच्या फेअरिंगमध्ये असाच झरोका दिला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर छातीला हवा लागते, हा वेगळाच फायदा.

पण लगेच ड्रिल हातात घेऊ नका. कापलेली काच पुन्हा जोडता येत नाही. आधी दोन चाचण्या करा.

पहिली: मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६०च्या आसपास, दोन्ही हात हँडलवर ठेवून, फुटरेस्टवर किंचित उभे राहा. डोकं स्वच्छ वाऱ्यात गेल्यावर थडथड थांबली, तर दोष हेल्मेटचा नाही, काचेचा आहे.

दुसरी: बोल्टखाली स्पेसर घालून काच एखादा सेंटीमीटर पुढे आणा, म्हणजे खालून फट पडेल. काचेच्या आतल्या बाजूला लोकरीचे छोटे धागे टेपने चिकटवा. आधी सैरावैरा उडणारे धागे आता वर सरळ धरले जात असतील, तर हवा आत येते आहे. एवढ्यानेच काम झालं, तर काच कापायची गरजच नाही.

कापायचीच असेल, तर जागा मधोमध, खाली, नजरेच्या रेषेच्या बरीच खाली निवडा. झाकण बंद होणारं हवं, कारण पाऊस आणि थंडी आहेच. झोत वर वळवणारी पट्टी आणि किड्यांसाठी जाळी लावा.

आता काच कशाची आहे ते पाहा. ॲक्रिलिक पटकन तडकतं. पॉलिकार्बोनेट चिवट असतं, पण पेट्रोल, थिनर आणि बोल्टवर लावायचं थ्रेडलॉक त्याला आतून भेगा पाडतात. म्हणून नायलॉक नट वापरा आणि साबणाच्या पाण्यानेच पुसा. काच गाडीवरून उतरवून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, खाली लाकडी फळी ठेवा, ड्रिल हळू चालवा. कोपरे गोलच ठेवा, कारण तडा चौकोनी कोपऱ्यातून निघतो. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. अर्धा मीटर रुंदीची अशी काच तापमानात ४० अंशांचा फरक पडला की मिलिमीटरहून जास्त वाढते. म्हणून बोल्टचं भोक थोडं सैल, रबरी वॉशर आणि बेताचं आवळणं.

व्हेंट लहानच ठेवा. भोक मोठं करता येतं, लहान नाही. आधी ४०, मग ६०, मग ८० असं चालवून पाहा आणि दर वेळी थांबून कडा तपासा. बारीकशी भेग दिसली तरी ती काच काढून टाका. वेगात तुटलेली काच तुमच्याच अंगावर येते.

शेवटी एवढंच. लांबच्या प्रवासात थकवा हळूहळू चढतो आणि ब्रेकवरचा हात मंद करतो. मान मोकळी असेल, तर शेवटच्या पन्नास किलोमीटरलाही लक्ष रस्त्यावर राहतं. तुमची गाडी, तुमची उंची आणि काचेची उंची लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. हेल्मेटचा पट्टा लावा, सावकाश या.