गाणं नको, बोलून पाहा

हिवरखेडच्या आम्ही गटातल्या बाया. खांद्यानं फोन कानाशी दाबून भाकरी थापायची सवय आम्हालाही होती. मान अवघडायला लागली, तेव्हा ब्लूटूथ घ्यायचं ठरवलं.

दुकानात गाणं लावून दाखवतात. पण आपल्याला बोलायचं आहे ना? मग तिथूनच घरी फोन लावा, दुकानाबाहेर रहदारीत उभ्या राहा आणि विचारा, माझं नीट ऐकू येतं का? माइक कच्चा असला तर गिरणीजवळून समोरच्याला नुसती घरघर जाते. आम्ही हे पहिल्यांदा केलं नाही, पैसे गेले.

खोक्यावर ‘एएनसी’ असेल तर आपल्या कानात येणारा बाहेरचा आवाज कमी होतो. ‘ईएनसी’ असेल तर समोरच्याकडे जाणारा गोंगाट कमी होतो. आपल्याला दुसरं हवं. घामासाठी ‘आयपीएक्स ४’ पाहा, आणि वॉरंटीचं पक्कं बिल घ्या.

सुटे बड्स दिसायला छान. पण आमच्या एकीचा बड कापूस वेचताना ओटीत पडला, तो कापसासोबतच गेला! नेकबँड गळ्यात राहतो.

रस्त्यानं किंवा धुऱ्यानं चालताना एक कान मोकळाच ठेवायचा. मागून ट्रॅक्टर आला, कोणी हाक मारली, तर कळलं पाहिजे. एकदा आमची एक मैत्रीण दोन्ही कान बंद करून चालली होती. गाडीवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून ती वाचली. तेव्हापासून गटाच्या बैठकीला येतानाही आमचा एक बड गळ्यातच लोंबत असतो.