कागदावर हरलेले सामने



टेनिसच्या शौकिनांना एक प्रश्न विचारून बघा. लिअँडर पेसचा सगळ्यात भारी सामना कोणता? ज्यांनी त्याला नंतर, बातम्यांतून ओळखलं, ते ग्रँड स्लॅमची यादी पुढे करतात. पुरुष दुहेरीची ८, मिश्र दुहेरीची १०, एकूण १८ विजेतेपदं. ज्यांनी त्याला नव्वदच्या दशकात टीव्हीसमोर बसून, घरच्यांची बोलणी खात पाहिलं, ते त्या यादीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते काढतात डेव्हिस करंडकातले एकेरीचे सामने. म्हणजे नेमके ते, जे कागदावर त्याने सुरू होण्याआधीच हरायला हवे होते.

आमच्या नाशिकला गोल्फ क्लब मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या संपल्या, की चहाला एक कंपू जमतो. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक काका, एक बँकवाले, आणखी दोघं-तिघं. विम्बल्डन सुरू झालं की तिथे हा वाद हमखास पेटतो. फेडरर, नदाल दोन घोटांत संपतात. लिअँडर मात्र दुसऱ्या कपापर्यंत पुरतो.

माझं मत विचाराल तर दिल्ली, सप्टेंबर १९९५. भारत विरुद्ध क्रोएशिया आणि नेटपलीकडे गोरान इव्हानिसेविच. तोवर दोनदा विम्बल्डनची अंतिम फेरी खेळलेला, जगातल्या पहिल्या दहांतला. डावखुरा, सव्वासहा फुटांच्या वर उंच. त्याची सर्व्हिस दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. लिअँडरने पहिला सेट टायब्रेकमध्ये घालवला, दुसरा ४-६ असा. इथे बऱ्याच घरांतले टीव्ही बंद झाले असणार. तिसराही टायब्रेकमध्ये गेला. म्हणजे तिथे दोन-तीन गुण इकडचे तिकडे झाले असते, तर आज मी तुमच्याशी दुसऱ्याच कशावर तरी बोलत असतो. तो टायब्रेक लिअँडरने काढला, चौथा सेट ६-४ घेतला आणि पाचवा? पाचवा ६-१. एवढा मोठा खेळाडू शेवटच्या सेटमध्ये एका गेमवर आटोपला. भारताने ती लढत ३-२ अशी जिंकली.

हे झालं कसं? आपल्याकडच्या हिरवळीवर चेंडू खाली राहतो. लिअँडर परतीचा फटका जोरात मारायच्या फंदात पडायचा नाही. बॅकहँडने चेंडू कापून समोरच्याच्या पायाशी टाकायचा आणि त्याच्या मागोमाग नेटवर धावायचा. एवढ्या उंच माणसाला गुडघ्यात वाकून, घोट्याशी आलेला चेंडू उचलून द्यावा लागे. आणि उचललेला चेंडू म्हणजे लिअँडरच्या व्हॉलीला आमंत्रणच. पाच सेटच्या सामन्यात हे दोन-तीन तास चाललं, की कंटाळून समोरच्याचं डोकं फिरतं. इव्हानिसेविचचं तर लवकर फिरायचं, हे त्याच्या चाहत्यांनाही ठाऊक होतं.

आता आमचे बँकवाले मित्र म्हणतात, घरची हिरवळ, घरचे प्रेक्षक, यात काय मोठंसं? त्यांना मी १९९३ची फ्रान्समधली लढत ऐकवतो. गाव फ्रेजूस, कोर्ट लाल मातीचं, प्रेक्षक त्यांचे. मातीवर चेंडू उंच आणि सावकाश येतो, नेटवर धावणाऱ्याला समोरचा आरामात बाजूने काढतो. लिअँडरसाठी याहून वाईट जागा नाही. समोर आर्नो बोएत्श आणि आन्री लेकाँत. हा लेकाँत म्हणजे दोनच वर्षांपूर्वी डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत सॅम्प्रसला हरवलेला वीर. विशीतल्या लिअँडरने दोघांनाही हरवलं, शेवटचा निर्णायक सामना रमेश कृष्णनने काढला आणि भारत उपांत्य फेरीत. पुढे चंदीगडला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ५-० धुतलं, तेही सांगून टाकतो.

एकेरीत लिअँडर जागतिक क्रमवारीत ७३च्या वर कधी गेला नाही. आणि हे अन्यायाने झालं नाही. सर्व्हिस बेताची, बॅकहँड बहुतेक वेळा कापलेलाच. दर आठवड्याला नव्या गावात, मोकळ्या खुर्च्यांसमोर, मागून ठोकणाऱ्या खेळाडूंशी गाठ पडली की तो हरायचा. छातीवर देशाचं नाव लागलं की मात्र हाच माणूस वेगळं खेळायचा. यामागे काय होतं, यावर आमच्या कंपूत बऱ्याच कपांचा चुराडा झालाय. मला वाटतं, हा माणूस स्वभावानेच सांघिक खेळाचा. वडील डॉ. व्हेस पेस, मूळचे गोव्यातल्या असोळण्याचे, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवणाऱ्या संघातले. आई बास्केटबॉलपटू. टेनिससारखा एकट्याचा खेळ त्याने पत्करला खरा, पण एकटं राहणं त्याला कधी जमलं नाही. डेव्हिस करंडकात बाकावर चार माणसं बसलेली असत, ती त्याला पुरत.

अटलांटाचं बोलायलाच हवं. १९९६, वाइल्ड कार्डवर मिळालेला प्रवेश, क्रमवारी शंभराच्या बाहेर. उपांत्य फेरीत आगासीकडून हरला. याआधीच्या दोन ऑलिंपिकमध्ये, म्हणजे सोल आणि बार्सिलोनाला, उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळायचं. अटलांटाला नियम बदलला, दोघांत सामना ठेवला. म्हणजे चार वर्षं आधी जे आपोआप पदरात पडलं असतं, त्यासाठी दुखऱ्या मनगटाने आणखी एकदा कोर्टावर उतरणं आलं. समोर ब्राझीलचा फर्नांडो मेलिजेनी. पहिला सेट ३-६ गेला. मग ६-२, ६-४. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं. त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. पदकांची सवय झालेल्या आजच्या पोरांना त्या एका कांस्याचं एवढं काय, हे समजावणं अवघड जातं.

सॅम्प्रसचं थोडक्यात सांगतो. १९९८, न्यू हेवन, ६-३, ६-४. दोघं एकेरीत एकदाच समोरासमोर आले, त्यामुळे हिशोब कायमचा लिअँडरच्या बाजूने १-० राहिला. काका हे दर वर्षी नव्याने सांगतात आणि आम्ही दर वर्षी नव्याने ऐकतो.

एक गोष्ट रेडिओवरून बोलतोय म्हणून आठवली. क्रिकेट आपल्याला बाळ ज. पंडितांनी मराठीतून कानात बसवलं. टेनिसचं मराठी धावतं समालोचन मी तरी ऐकलेलं नाही. होणार कसं? ‘लिअँडर नेटवर आला’ एवढं म्हणेपर्यंत गुण संपलेला असतो. त्यामुळे आमच्या आठवणी सगळ्या दूरदर्शनच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या. पेपरात आकडे असत आणि मधली हातघाई ज्याची त्याने मनात भरून घ्यायची. म्हणून तर वाद संपत नाही.

काकांचं मत अर्थातच वेगळं आहे. ते म्हणतात, जिंकलेले सामने कोणीही आठवेल, खरा सामना अथेन्सचा. २००४, लिअँडर आणि महेश भूपती, कांस्यपदकासाठी, आणि समोर पुन्हा क्रोएशिया! हेही गंमतशीरच आहे. १९९२ला बार्सिलोनात लिअँडर आणि रमेश कृष्णन दुहेरीत पदकापासून एका विजयावर अडले, तेही इव्हानिसेविच आणि त्याच्या जोडीदारासमोर. १९९९ला महेशबरोबर पहिलं ग्रँड स्लॅम पॅरिसला जिंकलं, तेव्हा पलीकडच्या जोडीत पुन्हा तोच इव्हानिसेविच. आणि अथेन्सला ल्युबिसिच आणि अँचिच. तोवर लिअँडर-महेशची बोलाचाली सगळ्या जगाला माहीत झालेली, देशासाठी तेवढे एकत्र आलेले. पहिला सेट गेला, दुसरा घेतला आणि तिसरा चालूच राहिला. जवळजवळ चार तास. १४-१६. काका म्हणतात, “त्या रात्रीनंतर आठवडाभर मी घरात कोणाशी धड बोललो नाही.” काकू म्हणतात, “तो आठवडा बरा गेला.”

मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते फेब्रुवारी २०१७मध्ये पुण्याला, बालेवाडीत. भारत विरुद्ध न्यूझीलंड. पहाटेची एसटी धरून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पोहोचलो. वय ४३, पण गुणागणिक जोडीदार विष्णुवर्धनच्या कानाला लागणं, पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करणं, सगळं तसंच. टीव्हीवर एक गोष्ट कधी कळली नव्हती. समोरचा सर्व्हिस परतवत असताना हा नेटशी इतका खाली बसायचा, की डोळे नेटच्या पांढऱ्या पट्टीच्या रेषेत यायचे. त्या वयात, प्रत्येक गुणाला. माझे गुडघे बसल्या जागी दुखायला लागले. डेव्हिस करंडकातल्या दुहेरीच्या ४२ विजयांची इटलीच्या पिएत्रांजेलीशी बरोबरी झालेली होती, एक विजय हवा होता. पहिला सेट आपण घेतला, पुढचे तिन्ही गेले. लढत भारताने ४-१ जिंकली, म्हणजे हरला तो नेमका हाच सामना. त्रेचाळिसावा विजय पुढच्या वर्षी चीनमध्ये तिआंजिनला, रोहन बोपण्णाबरोबर, तीन सेटमध्ये, त्यातले दोन टायब्रेक.

जुलै २०२४मध्ये न्यूपोर्टला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये विजय अमृतराजबरोबर त्याचं नाव लागलं. हे दोघं तिथले पहिले आशियाई पुरुष. त्याच न्यूपोर्टच्या हिरवळीवर १९९८ला लिअँडरने एटीपीचं एकेरीतलं आपलं एकमेव विजेतेपद मिळवलं होतं. मी ही बातमी कंपूत मोठ्या उत्साहाने सांगितली. काकांनी चहा संपवला आणि म्हणाले, “ते असू दे. अथेन्सला शेवटची सर्व्हिस कोणाची होती, ते सांग.”