पान उलटण्याआधी

गाण्याची बैठक कशी ऐकावी, नाटक कसं पाहावं, चित्रासमोर उभं राहून काय न्याहाळावं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. घरात दोन-तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन आजी किंवा बाबा गोष्ट सांगतात, त्याकडे मात्र आपण कला म्हणून पाहत नाही. चार घास भरवायची किंवा झोपवायची ती एक युक्ती, एवढीच तिची किंमत करतो. मला आज या घरगुती कलेबद्दल बोलायचं आहे, आणि तिचं मर्म मला जे वाटतं ते आधीच सांगून टाकणं बरं. लहान मुलाला सांगायची गोष्ट सांगणाऱ्याने एकट्याने पुरी करायची नसते. तिच्यात मुलासाठी जागा सोडायची असते. ती कुठे सोडायची, केवढी सोडायची आणि तिथे किती वेळ गप्प बसायचं, हे कळणं म्हणजे ही कला येणं. गोड आवाज, नकला करण्याचं अंग, कपाटभर पुस्तकं, हे सगळं असलं तर उत्तमच, पण ते नंतरचं.

आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलंच उदाहरण घेऊ. मोठा पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं आणि तो भिजत भिजत चिमणीच्या मेणाच्या घराशी येऊन दार वाजवतो. चिमणी दार उघडत नाही. बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, काजळ घालतेय, तीट लावतेय, निजवतेय, असं दर खेपेला नवं कारण सांगून ती त्याला थांबवते. कथानक म्हणून पाहिलं तर इथे जवळजवळ काहीच घडत नाही. एक जण बाहेर ताटकळतो आहे आणि दुसरी आत कामात आहे, बस्स. पण बांधणी किती विचाराची आहे पाहा. कावळ्याची हाक दर वेळी तीच, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती मूलच मारायला लागतं. चिमणीच्या उत्तराचा अर्धा भाग ठरलेला आणि अर्धा बदलणारा, आणि जो बदलतो तो मुलाच्या रोजच्या सकाळमधून उचललेला. आंघोळ, पुसणं, काजळ, तीट हा क्रम त्याच्या अंगावर रोज घडतो, म्हणून पुढचं काम कोणतं हे त्याला सांगता येतं. सांगणाऱ्याने काजळ विसरून एकदम झोपेवर उडी मारली, तर मूल त्याला तिथेच अडवतं, आणि तेवढ्यापुरती गोष्ट त्याच्या ताब्यात जाते. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीचंही असंच आहे. जाताना भेटलेले प्राणी येताना पुन्हा भेटणार हे मुलाला आधीच कळलेलं असतं. या गोष्टी कुणा एका लेखकाने टेबलाशी बसून लिहिलेल्या नाहीत. कितीतरी पिढ्यांनी त्या मुलांसमोर सांगितल्या, मुलांनी जे उचललं ते टिकलं आणि जे उचललं नाही ते गळून गेलं. सांगणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्या मुलांचाही हात त्यांच्या घडणीत आहे.

आज्यांना हे अनुभवाने कळलेलं होतं. पुढे अभ्यासकांनी ते तपासूनही पाहिलं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ते तीन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांचे पालक त्यात होते. दोन्ही गटांतले पालक घरी मुलांना पुस्तकं वाचून दाखवतच होते. फरक इतकाच की एका गटाला वाचण्याची रीत थोडी शिकवली होती: ज्याचं उत्तर नुसतं हो-नाही येणार नाही असा प्रश्न विचारायचा, मूल काही बोललं की त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत म्हणायचं, आणि हळूहळू सांगण्याचं काम त्याच्याकडे सरकवत न्यायचं. एका महिन्यानंतर या गटातली मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये दुसऱ्या गटाच्या कितीतरी पुढे गेलेली दिसली. प्रयोग लहान होता, त्यावरून जगाचा न्याय करू नये. पण मुलाला वाचून दाखवणं आणि मुलाबरोबर वाचणं यांत काही अंतर आहे, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. मुलाला असं मधेमधे बोलू दिलं तर गोष्टीचा धागा तुटणार नाही का? शांत बसून ऐकणं हीसुद्धा शिकायची गोष्ट नाही का? आहेच. आणि प्रश्न विचारणं म्हणजे वाक्यावाक्याला परीक्षा घेणं, असा अर्थ कुणी काढला तर गोष्ट मरतेच. हा रंग कोणता, बदकं किती, याला इंग्रजीत काय म्हणतात, असा मारा सुरू झाला की मुलाच्या लगेच लक्षात येतं की गोष्ट संपली आणि अभ्यास सुरू झाला. म्हणून मी जागा सोडण्याबद्दल बोलते आहे, प्रश्नांबद्दल तेवढं नाही. ठरलेल्या ओळीचा शेवटचा शब्द न म्हणता थांबणं, पान उलटण्याआधी त्याचा कोपरा नुसता धरून ठेवणं, वाघ येणार त्या ठिकाणी आवाज खाली नेऊन मुलाकडे पाहणं, यांत प्रश्न एकही नाही, तरी मुलाला पाऊल टाकायला वाव आहे. थांबल्यावर मात्र खरोखर थांबावं लागतं. मोठ्यांना दोन क्षणांची शांतताही जड जाते आणि ते स्वतःच शब्द म्हणून टाकतात. लहान मुलाला शब्द शोधून तोंडात आणायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि धागा तुटण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे मोठ्या माणसांनाही गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा लागत असे. हुंकार थांबला की सांगणारा थांबायचा. ऐकणाऱ्याचा आवाज गोष्टीत यावा, हा काही नवा शोध नव्हे.

आता पुस्तकाकडे येऊ, कारण गोष्ट तोंडी सांगणं आणि पुस्तक घेऊन बसणं यांत एक भर पडते ती चित्राची. चित्र आणि आवाज यांचा मेळ कसा घालावा हे पाहायचं असेल, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी परंपरा पाहावी. तिथल्या ठाकर समाजातले कलावंत रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवतात. एका कथेच्या चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरून कथा गायची, सांगायची. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीची चित्रं नीट पाहिली तर त्यांत पात्रं मोठ्या डोळ्यांची, बहुधा एका बाजूने दिसणारी, आणि भोवतालचा तपशील मोजकाच. सगळं चित्रात आलं असतं तर सांगणाऱ्याला काम उरलं नसतं. सगळं शब्दांत आलं असतं तर चित्र धरून ठेवण्याची गरज नव्हती. दोघांनी एकमेकांसाठी काही बाकी ठेवलेलं आहे.

चांगलं चित्रपुस्तक हेच करतं. पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’ हे पुस्तक १९६८ सालचं. त्यात एकूण ३२ इंग्रजी शब्द आहेत. रोझी नावाची कोंबडी शेतावर फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी येते, एवढंच ते शब्द सांगतात. चित्रांत मात्र पानापानावर तिच्या मागे एक कोल्हा आहे, आणि तो दर वेळी फजीत होतो: कधी दाताळ्याचा दांडा तोंडावर बसतो, कधी तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या मागे लागतात. शब्दांत कोल्ह्याचा उल्लेखही नाही. मोठा माणूस अक्षरांवर बोट ठेवून शांतपणे वाचत असतो आणि अक्षर न ओळखणारं मूल कोल्ह्याची गोष्ट त्याला सांगत असतं. पुस्तक निवडताना मी हीच कसोटी लावीन: शब्द झाकले तर चित्रात सांगण्यासारखं काही उरतं का? मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं या कसोटीला उतरतात. लेखन आणि चित्रं दोन्ही एकाच हातची असल्याने कुठे बोलायचं आणि कुठे नुसतं दाखवायचं याचा हिशेब त्यांत पक्का आहे. असं पुस्तक हातात आलं की घाईने मजकूर वाचून पान उलटू नये. आधी चित्र मुलाला पाहू द्यावं, त्याचं बोट कुठे जातं ते आपण पाहावं.

पालकांची दुसरी तक्रार असते ती त्याच त्या गोष्टीची. घरात दहा पुस्तकं आहेत आणि मूल रोज तेच एक आणून देतं. याने त्याची प्रगती कशी होणार? ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली नेमकं हेच तपासलं. तीन वर्षांच्या मुलांना काही नवे शब्द गोष्टींमधून ऐकवले. काहींनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली, काहींनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या, पण ते शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. कारण समजायला अवघड नाही. पहिल्या वेळी मूल पुढे काय होणार याच्या मागे असतं. ते कळलं की त्याचं लक्ष मोकळं होतं आणि शब्दांकडे, चित्राच्या कोपऱ्यांकडे वळतं. रसिक माणूस ऐकलेलाच राग पुन्हा ऐकायला जातो, त्यात त्याची प्रगती खुंटली असं आपण म्हणत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या घरांचा आहे. मोबाईलवर कसलेले कलाकार संगीतासकट गोष्टी सांगतात. थकल्या आईने अडखळत सांगितलेल्या गोष्टीत असं काय आहे? सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढे चिनी भाषा बोलणारी माणसं बसली, पुस्तकं वाचली, खेळणी खेळली. बारा बैठकींनंतर या बाळांना चिनी ध्वनींमधले फरक कळू लागले. त्याच माणसांचं तेच बोलणं दुसऱ्या बाळांना चित्रफितीवर दाखवलं, आणखी काहींना नुसतं ऐकवलं, तर त्यांच्यात असा काही फरक पडला नाही. पडद्यावरचा कलाकार कितीही चांगला असला तरी मुलाची नजर कुठे गेली हे त्याला दिसत नाही, म्हणून तो थांबू शकत नाही. अडखळणाऱ्या आईला ते दिसतं. ध्वनिमुद्रित गोष्टी टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. शेजारी बसून ऐकल्या आणि मधे बंद करून बोललं, तर त्याही उपयोगी पडतात.

वेळ नाही, पुस्तकं परवडत नाहीत, स्वतःला वाचता येत नाही, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या धरूनच बोललं पाहिजे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वाडीवरची मुलं शाळेत येत नव्हती. म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली, आणि पुढे गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातही गेली. घरातल्या गोष्टीलाही हीच वाट मोकळी आहे. भाजी निवडताना वाटी म्हातारी होते, लाटणं वाघ होतं, आणि डब्यामागे कोण लपलंय हे मूल ठरवतं. वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूंना मधोमध टाके घातले की आठ पानांचं पुस्तक तयार होतं. चित्रं मुलाने काढायची, मजकूर त्याने सांगायचा आणि आपण तो त्याच्याच शब्दांत उतरवायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्रावरून सांगावं. मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, घरात जी बोलतात त्या बोलीत सांगावं. छापील मराठी मुलाला पुढे भेटणारच आहे.

राहता राहिला तात्पर्याचा प्रश्न. गोष्टीतून मुलाने काही शिकायला नको का, आपली पंचतंत्राची परंपराच बोधाची नाही का, असं विचारलं जातं. पंचतंत्र बोधासाठीच रचलं गेलं, हे खरं. तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करण्याचा विडा विष्णुशर्म्याने उचलला होता. पण त्याची रीत पाहा. पात्र आधी फक्त सूचना देतं, की अमक्याने असं केलं आणि तो फसला. ऐकणारा विचारतो, ते कसं काय? मगच गोष्ट सुरू होते. इतक्या उघड बोधाच्या ग्रंथातही ऐकणाऱ्याने विचारल्याशिवाय सांगणारा पुढे जात नाही. आपण मात्र उलट करतो, गोष्ट संपताच तात्पर्य विचारून मुलाला कोपऱ्यात गाठतो. कावळ्याला दार लवकर न उघडणारी चिमणी बरोबर की चूक, यावर चार वर्षांच्या मुलाचं स्वतःचं मत असतं, आणि ते आज एक तर उद्या दुसरं असू शकतं. ते बदलू द्यावं.

आणि एक दिवस ते मूल पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेऊन आपल्यालाच वाचून दाखवायला बसतं. अक्षर येत नसतं, शब्द निम्मे त्याचे आणि निम्मे ऐकलेले असतात, मधलं एखादं पान गाळलेलं असतं. अशा वेळी मोठ्यांचा हात दुरुस्तीसाठी पुढे होतो. तो मागे घ्यावा. पान कधी उलटायचं, आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबून समोरच्याकडे पाहायचं, हे सगळं ते करत असतं. आता हुंकार द्यायची पाळी आपली असते.