सल्ला आपला, सही त्यांची



  अध्यक्षाने वर्षभराचा आढावा घ्यायचा, असा आपल्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या परिषदेचा रिवाज. त्याची टिपणे माझ्या खिशात आहेत आणि ती तिथेच राहतील. सकाळी दयामरणावरची चर्चा ऐकली. अनेक वर्षे मनात साचलेले आज बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

सकाळी दोन गोष्टींची गल्लत झाली, ती आधी सोडवू. मेंदूमृत रुग्ण आणि व्हेजिटेटिव्ह अवस्थेतला रुग्ण एक नव्हे. दुसऱ्याचे डोळे उघडतात, तो झोपतो, जागा होतो, श्वास स्वतः घेतो. फक्त आपण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या बाबतीत व्हेंटिलेटरचे बटण हा प्रश्नच बहुधा नसतो. प्रश्न असतो नळीने भरवण्याचा, प्रतिजैविकांचा, पुन्हा आयसीयूत न्यायचे की नाही याचा.

अरुणा शानबाग यांचे नाव निघाले, ते निघणारच. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायूपुरवठा तुटला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात, व्हेजिटेटिव्ह अवस्थेत होत्या. न्यायालयाने दयामरण नाकारले, असे एक वक्ता म्हणाला. मान्य केले, असे दुसरा. ७ मार्च २०११ च्या निकालात दोन्ही आहे. अरुणाताईंसाठीची विनंती फेटाळली, पण उच्च न्यायालयाच्या मंजुरीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट देशासाठी मोकळी केली.

मला त्या निकालातले वेगळेच काही मोलाचे वाटते. अरुणाताईंच्या वतीने बोलायचे कोणी? याचिका पिंकी विराणी यांची होती, अरुणाताईंवर पुस्तक त्यांनी लिहिले होते. न्यायालयाने तो अधिकार त्यांना दिला नाही; केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. ज्यांनी २०१० मध्ये ताप येऊन खाणे मंदावेपर्यंत अरुणाताईंना तोंडाने भरवले, कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही, त्यांना. जो सेवा करतो त्याचा शब्द मोठा. यापेक्षा न्याय्य कसोटी मला आजवर सापडलेली नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. आपल्याकडे ती सेवा आई करते, बायको करते, बहीण करते. आणि आपण त्यांच्या हातात काय देतो? डामाचा, म्हणजे सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जचा फॉर्म.

पाथर्डीकडच्या एका ऊसतोड कुटुंबातला मुलगा मोटारसायकलवरून पडला. डोक्याला मार. नगरच्या एका मोठ्या रुग्णालयात कित्येक आठवडे होता, कुटुंबाची जमीन गहाण पडली. मग तिथल्या डॉक्टरांनी आईला सांगितले, आता सुधारणा नाही, घरी न्या. तिचा अंगठा घेतला आणि तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. "सायेब, यात काय लिवलंय?" मी वाचून दाखवले : वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास नेत आहोत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी कुठं इरोध केला? तेच म्हनले, घिऊन जा."

मित्रांनो, ही माझी तक्रार आहे. सल्ला आपला आणि सही तिची! कायद्याच्या भीतीने आपण एका आईच्या माथी मुलाचा मृत्यू लिहितो. त्या कागदानंतर औषध नाही, फोन नंबर नाही, घरी येणारे कोणी नाही.

मी तिला राइल्स ट्यूबने भरवायला शिकवले. डोके उंच ठेवायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची. तिने ते असे केले की आयसीयूच्या स्टाफने पाहावे. पुढे मुलाला न्यूमोनिया झाला. "परत नगरला न्यू का?" तिने विचारले. मी तिला समोर बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. नेऊ नये, हे माझे मत सांगितले, तिने होकार दिला आणि ते मत मी केसपेपरवर माझ्या अक्षरात, माझ्या सहीने लिहिले. धाप आणि ताप कमी करणारी औषधे दिली. सहकारी म्हणाले, अडकाल. कोणीही अडकवले नाही. ते कुटुंब आजही माझ्याकडेच येते.

सकाळी एका ज्येष्ठांनी सातबाऱ्याची भीती दाखवली. भाऊबंद इस्टेटीसाठी उपचार थांबवायला सांगतील, म्हणून हा विषयच नको. बेशुद्ध माणसाचा अंगठा स्टँपपेपरवर घ्यायला आलेल्या पुतण्याला मी वॉर्डातून बाहेर काढले आहे. ती भीती खोटी नाही. पण डामाच्या कागदावर निर्णय कोणी घेतला, का घेतला, याची एक ओळ तरी असते का? लोभी नातेवाइकाला त्याहून सोयीचे काय? कायद्याच्या वाटेवर मात्र डॉक्टरांची दोन मंडळे नावानिशी उभी असतात.

आणि ती वाट आता अवघड नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल मान्य केले; २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. हे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करायचे. ते नसले तरीही मार्ग आहे. उपचार करणारा डॉक्टर आणि पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ. मग दुसरे मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे, कुटुंबाची संमती घ्यायची, दंडाधिकाऱ्यांना कळवायचे. हे कागदावर आहे. माझ्या ओळखीच्या किती आयसीयूंमध्ये या मंडळांची यादी भिंतीवर लागली आहे? एकातही नाही.

मरणाचा निर्णय म्हटला की विनोबा भावे आठवतात. त्यांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारले, तेव्हा ते स्वतः निर्णय घेऊ शकत होते. आपला रुग्ण बोलू शकत नाही, म्हणून आपले बोलणे प्रामाणिक असले पाहिजे.

काय करता येईल, तेही सुचवतो, तपशील समितीने ठरवावा. जिल्ह्याची एक तज्ज्ञयादी हवी. घरी जाणाऱ्या रुग्णासाठी एक फोन हवा, रात्रीसुद्धा उचलला जाणारा. आणि सेवा करणाऱ्या बायांना शिकवणारे कोणी हवे. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० च्या दशकापासून अर्धशिक्षित, अशिक्षित गावबायांना आरोग्याचे काम शिकवून दाखवले. आपल्याच जिल्ह्यात हे घडले, त्यामुळे जमणार नाही, असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

आता ठराव मांडतो. जिथे उपचार न वाढवण्याचा सल्ला डॉक्टरने दिला आहे, तिथे या परिषदेचा कोणताही सभासद 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' असे लिहिणार नाही. तो सल्ला स्वतःच्या सहीने लिहील. सूचक मी आहे. अनुमोदन कोण देते?