हुकूम आणि पोच : सभागृहातील दृक्‌श्राव्य यंत्रांचे नियंत्रण

(विभागातील प्रसिद्धी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार थोडाच आहे. मी कला शाखेचा पदवीधर. विजेशी माझा परिचय बटण दाबण्यापुरता. परंतु आपल्या खात्याचे काम आता ज्या यंत्रांवर अवलंबून आहे, ती केवळ तंत्रज्ञांची म्हणून दूर ठेवणे आपणांस परवडणार नाही, हे मला दोन प्रसंगांनी शिकविले. त्यांपैकी पहिला अमझेऱ्याचा.

अमझेरा हे माझे आजोळ. मध्य प्रदेशात, धारच्या पश्चिमेस वसलेले हे गाव एके काळी राठोडांच्या छोट्या संस्थानाची राजधानी होते. १८५७ च्या उठावात सामील झालेल्या राणा बख्तावरसिंहांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास फाशी देण्यात आले आणि मुलूख शिंदे सरकारकडे गेला. त्या सरकारच्या कचेरीत आमचे खापरपणजोबा कारकून होते. हुकूम पाठविला एवढ्याने काम संपत नाही, त्याची पोच येऊन दफ्तरी लागली म्हणजे संपले, असे ते म्हणत, ही आठवण आमच्या घरात अजून सांगतात. आजच्या विषयाचे सार मला त्या एका शब्दात सापडले.

गेल्या माघात मी तेथे गेलो असता जवळच्या एका शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक रोगावरील चित्रपट दाखविण्याचे ठरले होते. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातच, शहडोल येथे सुरू झाली, हे आपण जाणताच. चित्रपट हिंदीत, आलेल्या स्त्रिया बहुतांशी भिल्ल पाड्यांवरच्या. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक, हे त्यातील मुख्य वाक्य. ऐकणारा याचा अर्थ सहज असा करतो की, चार मुलांपैकी एकच आजारी निघणार आणि एक आजारी झाले म्हणजे पुढची तीन निर्धास्त. वस्तुतः ती शक्यता प्रत्येक अपत्यागणिक नव्याने तेवढीच असते. हे भिली बोलीत समजावून सांगणारी एक शिक्षिका तेथे होती. पण दालनात बसलेल्या विद्यार्थ्यांना मूळ हिंदी निवेदन हवे होते, आणि पलीकडील ओसरीवर दुसऱ्या पडद्यापुढे बसलेल्या स्त्रियांना भिली.

शाळेत देणगीतून आलेला एक मॅट्रिक्स स्विचर होता. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, या यंत्राला एका बाजूस आवक आणि दुसऱ्या बाजूस जावक असते, आणि कोणतीही आवक कोणत्याही जावकेला, किंबहुना एकाच वेळी अनेक जावकांना जोडता येते. आठ आवका आणि आठ जावका असतील तर चौसष्ट जोड संभवतात. साध्या स्विचला ‘हे किंवा ते’ एवढेच ठाऊक. हे यंत्र ‘येथे हे आणि तेथे ते’ असे करू शकते. शिवाय चित्र आणि ध्वनी यांची वाट वेगळी करता येते. आम्हांला हवे होते नेमके तेच.

अडचण अशी की, दर्शनी बटणे बिघडलेली. मागे मात्र तीन स्क्रूंचे एक छोटे खोबण होते : एक पाठविण्याचे, एक घेण्याचे आणि एक भूतारेचे. हीच आर.एस. २३२ नावाची जोडणी. हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरले आणि १९६९ ची त्याची सुधारित आवृत्ती सर्वत्र रूढ झाली. तीत अक्षरे एकामागून एक, एकाच तारेवरून जातात. त्यांच्या वेगाच्या ‘बॉड’ या एककाला नाव मिळाले ते एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्रज्ञाचे. म्हणजे आपण तारायंत्राच्याच वंशात वावरत आहोत. एकाच्या बोलण्याची तार दुसऱ्याच्या ऐकण्याच्या स्क्रूला लागली पाहिजे, आणि दोघांचा वेग एक पाहिजे. तो सहसा सेकंदाला ९६०० बिट असतो. वेग जुळला नाही तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा पाऊस पडतो. तारेची लांबी जुन्या प्रमाणात पन्नास फुटांपर्यंत. दूर जावयाचे असल्यास आर.एस. ४८५ ही वेगळी जोडणी घ्यावी.

आज्ञा किती सोप्या असतात याचे मला नवल वाटले. ते यंत्र एक्स्ट्रॉनच्या पद्धतीचे होते. १*१! म्हणजे पहिली आवक, चित्र व ध्वनीसह, पहिल्या जावकेला. १*२% म्हणजे पहिल्या आवकेचे केवळ चित्र दुसऱ्या जावकेला. ३*२$ म्हणजे तिसऱ्या आवकेचा, अर्थात शिक्षिकेच्या ध्वनिक्षेपकाचा, केवळ ध्वनी त्याच दुसऱ्या जावकेला. चार अक्षरांची आज्ञा. सेकंदाचा जेमतेम अडीचशेवा भाग लागतो. क्रेमरच्या पद्धतीत हीच गोष्ट # या चिन्हाने सुरू होणाऱ्या वेगळ्या वाक्याने सांगावी लागते. म्हणून ज्याचे यंत्र त्याचीच आज्ञापत्रिका हवी.

मी आज्ञा दिली आणि यंत्राने त्रुटीचा संकेत परत पाठविला. पुन्हा दिली, पुन्हा तेच. तार तपासली, वेग तपासला. शेवटी मामांचा नातू, नववीतला, म्हणाला, “काका, तुमचे आकडे मराठी आहेत.” माझा कळफलक देवनागरीवर होता! रोमन १ ची एक बाइट होते, देवनागरी १ च्या तीन. यंत्राला त्या तीन अनोळखी चिन्हांचा काय बोध व्हावा? आपल्या कार्यालयांत कळफलक देवनागरीवर असणे हा नित्याचा प्रकार आहे, म्हणून ही फजिती मुद्दाम सांगितली. आकडे रोमन करताच उत्तर आले : आउट२ इन३ ऑड. दुसऱ्या जावकेला तिसरी आवक, ध्वनी. ही पोच. मधले दार लावून घेतले, आणि आत हिंदी व ओसरीवर भिली सुरू झाली. त्या वाक्यापाशी एका बाईने शिक्षिकेला तीनदा विचारले, म्हणजे पहिले आजारी असले तरी दुसऱ्याची तपासणी करावयाचीच का?

पोचेविषयी थोडे खोलात जाणे अवश्य आहे. ती सांगते की यंत्राने जोड केली. ओसरीवरील माणसांना ऐकू आले, हे ती सांगत नाही. ध्वनिक्षेपकच बंद असेल तरी पोच तीच येईल. यास्तव पोच वाचून झाल्यावर कोणी तरी उठून ओसरीवर गेलेच पाहिजे.

दुसरा प्रसंग नाव न घेता सांगतो. पावसाळ्यात एका सभागृहात पूरस्थितीची बैठक होती. तालुक्यांचे अधिकारी दूरदृश्य जोडणीवर, आणि नियंत्रणाचा स्पर्शपट ऐन वेळी काळा पडला. स्विचर सुस्थितीत होता. मागची जोडणीही होती. पण आज्ञापत्रिका पुरवठादाराकडे, स्पर्शपटातील कार्यक्रमाची मूळ प्रतही त्याच्याकडेच, आणि त्याचा दूरध्वनी लागेना. तोपर्यंत नदीकाठच्या गावांची माहिती सांगणारा आवाज आम्ही एका भ्रमणध्वनीवर, कानाला लावून, ऐकत होतो आणि एक जण तो मोठ्याने उच्चारीत होता. लाखोंची यंत्रसामग्री आणि तिच्यापुढे ही दवंडी! त्या दिवशी माझा राग पुरवठादारावर नव्हता. खरेदीच्या अटी आम्हीच लिहिल्या होत्या, आणि त्यांत आज्ञापत्रिका, मूळ प्रत व संकेतशब्द कार्यालयाच्या स्वाधीन करण्याची अट घालण्याचे आम्हांला सुचले नव्हते.

आता आमच्या कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस एक कागद डकविलेला आहे. त्यावर नित्याच्या सहा आज्ञा, प्रत्येकीपुढे तिचा मराठी अर्थ आणि येणारी पोच, खाली वेग, आणि लाल शाईने : आकडे रोमन. खणात तार व यूएसबीचा जोडसांधा. आजकालच्या लॅपटॉपना जुने खोबण नसते, म्हणून तो लागतोच. दर महिन्याला एकदा स्पर्शपट बंद ठेवून शिपायापासून माझ्यापर्यंत सर्वांनी त्या कागदावरून सभागृह चालवावयाचे, असा प्रघात आम्ही पाडला आहे. पहिल्या खेपेस आमच्या शिपायांना चार मिनिटे लागली, मला अकरा.

शेजारच्या खोलीत एक स्विचर मांडून ठेवला आहे. त्याचा स्पर्शपट मी काढून घेतला आहे. चहानंतर पाचपाच जणांनी आत यावे.