वहीला जोड

आमच्या द्रोणागिरीहून चिरनेर काही फार दूर नाही. तिथल्या २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाची माहिती मी गूगलच्या 'नोटबुक एलएम' या वहीत जमवतो. आपण घातलेल्या कागदांच्या आधारे ती उत्तरे देते, हा तिचा गुण. पण एकेक पान घालता घालता जीव मेटाकुटीला येतो. म्हणून ब्राउझरला एक्स्टेन्शन जोडले. उघडे पान एका टिचकीसरशी वहीत! जोडताना त्याने विचारले होते : सर्व संकेतस्थळांवरचा मजकूर वाचू का, बदलू का? मी आपले घाईत 'हो' म्हटले. आणि त्याच ब्राउझरात मुलांचे गुण नि माझे बँकेचे खाते! रात्रीच ते काढून टाकले. आता दुसरे घेतले आहे. बटण दाबल्यावर समोरचे तेवढेच पान वाचण्याची परवानगी ते मागते. चिरनेरच्या म्हाताऱ्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलेले मात्र मला हातानेच लिहून घालावे लागते.