पत्त्यांच्या खुल्या स्पर्धा

पत्ते म्हटले कीं आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळास अद्यापि आठी पडते. परंतु आज ज्या पत्त्यांविषयीं बोलावयाचें आहे, त्यांची जात निराळी आहे. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा ह्या खेळाचे पत्ते गोल, संख्येनें 120, आणि त्या एकाच संचांतून सर्वजण खेळतात. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञानें काढलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' हा खेळ 1993 सालीं बाजारांत आला. त्यांत प्रत्येक गडी पत्ते विकत घेऊन जमवितो व त्यांतून किमान 60 पत्त्यांचा जोड घरूनच बांधून आणतो. एकच पत्ता चारांहून अधिक वेळां घालतां येत नाहीं. मूळ भूमीचे पत्ते तेवढे ह्यास अपवाद.

खुल्या स्पर्धेंत नांव नोंदवील त्यास प्रवेश असतो. 2015 सालीं लास व्हेगास येथें सात हजारांहून अधिक गडी एका स्पर्धेस बसले होते. एवढ्यांतून विजेता निवडावा कसा? आपल्याकडे गांवोगांवीं कबड्डीचे सामने बहुधा बाद पद्धतीनें होतात. अनसिंगहून एखाद्या संघानें पदरमोड करून दूर जावें, पहिल्याच सामन्यांत हरावें आणि दुपारच्या गाडीनें परतावें, ह्यांत त्याच्या खेळाची परीक्षा ती काय झाली?

पत्तेवाल्यांनीं ह्यासाठीं बुद्धिबळांतील 'स्विस' पद्धत उचलली. ती 1895 सालीं झुरिच येथें प्रथम योजिली गेली. तींत हरलेला बाहेर जात नाहीं. प्रत्येक फेरीस समान गुणांच्या गड्यांची गांठ घालतात, एकदां भेटलेल्यांस पुन्हां समोरासमोर आणीत नाहींत, आणि संख्या विषम असल्यास उरलेल्यास पुढें चाल मिळते. विजयास 3 गुण, बरोबरीस 1.

आतां थोडें गणित. जुन्या मास्तराची ही संवय सुटत नाहीं. 256 गडी व 8 फेऱ्या धरा, आणि बरोबरी एकही नाहीं असें समजा. अखेरीस अपराजित 1 उरतो, एकदां हरलेले 8 आणि दोनदां हरलेले 28. पुढील बाद फेरीसाठीं बहुधा पहिले 8 घेतात. म्हणजे एकदांच हरलेल्या आठांपैकीं एकास बाहेर बसावें लागतें! कोणास, हें त्याच्या प्रतिस्पर्ध्यांनीं दिवसभरांत किती सामने जिंकले ह्यावरून ठरतें. म्हणून सकाळीं आपल्याकडून हरलेला गडी पुढें जिंकत राहो, अशी इच्छा येथें अगदीं मनापासून केली जाते. पहिल्याच फेरींत हरलेल्याचें ह्यांत बहुधा नुकसान होतें, कारण त्यापुढें त्याची गांठ खालच्या गुणांच्या गड्यांशीं पडत जाते. शेवटच्या फेरींत हरलेला त्या मानानें सुरक्षित. हा न्याय मला अपुरा वाटतो. तथापि बाद पद्धतीपेक्षां तो पुष्कळच बरा.

शेवटच्या फेरींत दोघांचीही निवड निश्चित होत असेल, तर ते न खेळतांच बरोबरी मान्य करूं शकतात. त्यासाठीं पैसा देऊं केला तर मात्र स्पर्धेंतून हकालपट्टी होते. मला विचाराल तर न खेळतां घेतलेला तो एक गुणही रुचत नाहीं.

राहिली पैशाची गोष्ट. दुर्मिळ पत्ते महाग असतात व धनिकाच्या मुलाचा जोड भारी ठरूं शकतो. म्हणून कांहीं स्पर्धांत घरचा जोड चालतच नाहीं. प्रत्येकास सहा बंद पाकिटें मिळतात आणि तीं फोडून, निघतील त्या पत्त्यांतून, तेथेंच बसून 40 पत्त्यांचा जोड बांधावा लागतो.